अव्वाचा दिल्लीवरचा विश्वास

आमच्या घरात बोलायचं म्हणजे ओरडायचं. जगातली बाकीची माणसं हळू आवाजात चहा मागतात हे मला कॉलेजच्या मैत्रिणींच्या घरी जायला लागल्यावर कळलं. दोष आमचा नव्हता, उखळांचा होता. मागच्या पडवीत शेंगाचटणी कुटायची दोन दगडी उखळं होती. सकाळी भाजलेल्या शेंगा, लसूण, तिखट, मीठ त्यांत पडलं की तेल सुटेपर्यंत धप्प धप्प चालायचं, आणि एक घाणा संपेपर्यंत दुसरा तयार. पुढच्या खोलीत अप्पांचं दुकान. अप्पा म्हणजे माझे वडील. चटणी, कडक भाकरी, बाजरीची, ज्वारीची, हवी तेवढी मोजून द्यायचे आणि गिऱ्हाइकाशी अर्धा अर्धा तास हवापाण्यावर बोलायचे. मागचं सगळं राज्य अव्वाचं. आमच्यात आईला अव्वा म्हणतात. घरात कानडी, दुकानात मराठी, शेजारी तेलुगू, पलीकडच्या गल्लीत दख्खनी, असं आमचं सोलापूर. इथं मी घरातलं बोलणंही मराठीतच लिहिते आहे. कानडीत लिहिलं तर माझी सून दुसऱ्याच पानावर पुस्तक मिटवील.

तर अव्वाचा आवाज. दोन उखळं, चार बाया आणि भाकऱ्या थापण्याचा आवाज, या सगळ्यांच्या वरून तो पुढच्या दुकानात स्पष्ट ऐकू जायचा. "अहो, त्या मंद्रूपच्या पाव्हण्यांना पैशे मागू नका, माझ्या माहेरचे हायेत!" असं ती मागून ओरडायची आणि पाहुणे पुढं लाजून लाल व्हायचे. भांडली तरी मोठ्यानं, हसली तरी मोठ्यानं. रागावून चुलीपाशी बसली की ताटात भाकरी आपटली जायची, पण तुपाची धार मात्र जास्तच पडायची. असली माझी आई. आणि ही बाई महापालिकेच्या सभागृहात दोन वर्षं तोंड मिटून बसली होती, असं सांगितलं तर आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरगंसुद्धा विश्वास ठेवणार नाही.

ती नगरसेविका झाली कशी ते आधी सांगते. निवडणूक लढवायची होती माझ्या काकाला, शिवाकाकाला. आम्ही त्याला अरेतुरेच करायचो. गणपतीची वर्गणी असो की कुणाची मयत, काका सगळ्यांत पुढं. पांढरा सदरा त्याच्या अंगाला चिकटूनच बसलेला. आणि ऐन वेळी सोडतीत आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला. काकाचं तोंड असं झालं, की जसं कुणी ताटावरून उठवलंय. काकूला उभं करावं म्हटलं तर ती म्हणाली, "मला चार माणसं बघितली की शिंका येतात," आणि खरंच दोन शिंकून दाखवल्या. राहिली अव्वा. तिची चटणी वॉर्डातल्या प्रत्येक घरात पोचलेली, तेवढ्यावर ती निवडून आली. मिरवणुकीत हार अव्वाच्या गळ्यात आणि हात काकाचे जोडलेले. नंतर काकानं स्कूटरवर पाटी रंगवून घेतली, 'नगरसेवक'. मी विचारलं, "काका, नगरसेविका लिहायला पाहिजे ना?" तर म्हणाला, "पाटीवर जागा पुरली न्हाय गं." शब्दाची एक वेलांटी आणि एक काना मावला नाही, पण शेजारी कमळ-गुलाबाची वेलबुट्टी मात्र ऐसपैस मावली होती.

अव्वा पहिल्या सभेत बोलायला उभी राहिली होती, बरं का. घाबरट नव्हतीच ती. पण तिचं मराठी म्हणजे कानडीच्या घरी भाड्यानं राहणारं. तो, ती, ते यांचा तिच्याकडं काही हिशेबच नसायचा. ती उभी राहिली आणि म्हणाली, "महापौरसाहेब, आमच्या वॉर्डात चार दिवस झाले, पाणी आला न्हाय." झालं! कुणीतरी मागून ओरडलं, "आला नाही तर बोलवा की त्याला!" आणि सगळं सभागृह हसलं. तिच्या पक्षाचे हसले, विरोधी हसले, पंख्याखाली डुलक्या घेणारे उठून हसले. अव्वा खाली बसली ती बसलीच. घरी आली. मुसळ घेतलं आणि चटणी अशी कुटली की पार लोणी झालं. पुढं दर सभेला जायची, चहा प्यायची, हात वर करायचा तेव्हा करायची आणि परत यायची. नळावर बाया टोमणे मारायच्या. "गौरक्का, तितं जाऊन निस्ता चहाच पिता व्हय?" अव्वा हसण्यावारी न्यायची, पण घागर उचलताना तिचं तोंड मी बघितलेलं आहे. मला त्या बायांचा राग यायचा, सभागृहाचा यायचा, आणि जिनं कुणालाही मागं सरू दिलं नाही ती आईच मागं सरते आहे याचा तर फारच यायचा.

अशात तो ठराव आला. दिल्लीत काहीतरी गडबड चालली होती, सरकार राहतं का जातं अशी. आमच्या महापालिकेतल्या सत्ताधारी गटाचे गटनेते (अव्वा त्यांच्याच गटात) यांना वाटलं, आपण सोलापुरातून दिल्लीला धीर द्यावा. म्हणून महासभेपुढं ठराव: 'ही महासभा केंद्र सरकारवर पूर्ण विश्वास व्यक्त करीत आहे.' अप्पांनी ऐकलं आणि तराजू हातातच राहिला. "म्हणजे दिल्लीचं सरकार आपल्या महापालिकेच्या विश्वासावाचून अडून बसलंय व्हय? हितं नळाला पाणी कधी येणार ते सांगा म्हणावं आधी." गिऱ्हाइकं हसली. पण काका घाईघाईनं आत आला आणि उखळाच्या आवाजावरून ओरडला, "वैनी, अनुमोदनाचं भाषण तुमच्यावर आलंय! गटनेते म्हणाले, एक महिला पायजेच. मी लिहून देतो, तुमी निस्तं म्हणायचं."

अव्वानं मुसळ थांबवलं. बायांचीही मुसळं हवेतच राहिली. तिनं पदरानं कपाळ पुसलं आणि म्हणाली, "बोलते. आणि ह्या खेपेला जर तोंडातनं शब्द फुटला न्हाय, तर मी राजीनामा देऊन टाकते. फुकटचा चहा प्यायला मला माझं घर हाय." ती एकदा म्हणाली की म्हणाली, हे सगळ्यांना माहीत होतं. काकाला डोळ्यांपुढं स्कूटरची पाटी दिसली असावी. तो मटकन् खालीच बसला. मला मात्र धास्ती वेगळीच होती. राजीनाम्याचं काय एवढं, चटणी विकून पोट भरतच होतं. पण ती हसण्याच्या भीतीनं घरी येऊन बसली असती तर पुढं मी तरी कुठं तोंड उघडलं असतं?

मग आठवडाभर आमच्या घरी दिल्ली नांदली. काकानं भाषण लिहिलं ते वर्तमानपत्रांतून वेचून: 'कणखर नेतृत्व', 'प्रगतिपथावर घोडदौड', 'जनसामान्यांचा कौल'. मी बी.ए.ला मराठी घेतलेलं, म्हणून उच्चार माझ्याकडं. अव्वा भाकरी थापत म्हणायची, "कनकर नेतुर्त्व." मी म्हणायची, "कणखर, अव्वा, ख! खोबऱ्याचा ख!" "खोबऱ्याचा ख मला येतो की, तो ह्या शब्दात कशाला आला?" घोडदौडीवरून तर ती रोज पडायची. बाया भाषण ऐकत कुटायच्या आणि त्यांचंही पाठ झालं. 'जनसामान्यांचा' म्हटलं की 'कौल!' असं मुसळ पडायचं. शेजारची नरसव्वा, तेलुगू बोलणारी, दुपारी हमखास यायची. ती ऐकत बसली आणि गंभीरपणे म्हणाली, "विश्वासम् म्हणजे कुत्र्याला असतंय, तेच ना? भाकरी टाकली की शेपूट हलवतंय, ते?" त्यांच्या भाषेत तो शब्द इमानीपणाचा. आम्ही हसून हसून लोळलो. काका चिडला, "नरसव्वा, सभागृहात हे सांगू नका, ठराव पडंल!" एवढा शब्दावरून हशा झाला, पण अव्वानं त्या शब्दाचा काय अर्थ धरलाय हे विचारावं असं आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही. मराठी घेतलेल्या विदुषीलाही नाही.

सभेच्या दिवशी अव्वानं ठेवणीतली इरकल साडी नेसली, कपाळाला विभूती लावली, दहीसाखर खाल्ली. अप्पांनी चक्क दुकान बंद केलं. लग्नामुंजीला न बंद होणारं दुकान बंद बघून गल्लीतले तिघेजण चौकशीला आले, कोण गेलं म्हणून! आम्ही दोघं प्रेक्षकांच्या सज्जात जाऊन बसलो. अप्पा देवाचं नाव घेत होते आणि मधेच पुटपुटत होते, "खोबऱ्याचा ख, खोबऱ्याचा ख."

चर्चा काय रंगली म्हणून सांगू! एकजण उठले ते जगाच्या राजकारणावर बोलत सुटले. महापौरांनी घंटा वाजवली तेव्हा ते नुकते हिमालयापर्यंत आले होते. दुसरे म्हणाले, "आमच्या भागातली गटार दिल्लीपर्यंत वाहत जाईल, तेवढाच आमचा संबंध." तिसऱ्यांनी विचारलं, की आधी पाणीपुरवठा खात्यावर अविश्वास मांडता येईल काय. इकडून टेबलं वाजली, तिकडून 'शेम शेम' झालं. चहा आला, बिस्किटं आली. बिस्किटांपुरतं दोन्ही बाजूंचं एकमत झालं. आणि मग महापौर म्हणाले, "अनुमोदनासाठी गौराबाई."

अव्वा उभी राहिली. सज्जातून मला तिचा अंबाडा आणि खुर्चीची पाठ घट्ट धरलेला हात तेवढा दिसत होता. "ह्या महासभेचा केंद्र सरकारवर पूर्ण विश्वास हाय," एवढं ती नीट म्हणाली. पुढं कणखर. कणखर काही येईना. अप्पांनी माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी पिचकली. तेवढ्यात विरोधी बाकावरून चाचा उठले. चाचा आमच्या पलीकडच्या गल्लीतले, वयस्क नगरसेवक; दर जुम्म्याला चटणी न्यायचे, पण सभागृहात कुणाला सोडायचे नाहीत. "बाई, कायका विश्वास? कशावरून विश्वास, ते तरी सांगा की!"

आता हा प्रश्न लिहिलेल्या भाषणात नव्हता. अव्वा त्यांच्याकडं वळली आणि घरी दारात उभी राहून बोलते तशी बोलली.

"कशावरून म्हणजे? विश्वास असतोच की चाचा! आपलीच सरकार हाय, परकी हाय का? विश्वास ठेवायचा न्हाय तर काय वैर धरायचं? पण एक सांगते. विश्वास एका बाजूनं राहत न्हाय. जायला पायजे, यायला पायजे. सणाला बोलवलं पायजे, दुखलं-खुपलं विचारलं पायजे. दिल्लीवाले आमच्याकडं कधी आले? मतं मागायला आले, हार घालून घेतले, गेले. जेवला का म्हणून तरी विचारले का?"

सभागृह गोंधळलं. गटनेते मान वळवून बघायला लागले. आणि मला वर सज्जात लख्खकन् समजलं. आमच्या कानडीत विश्वास म्हणजे माया, जिव्हाळा. पाहुणा निघाला की उंबऱ्यात म्हणायचं, 'विश्वास इरली', माया असू द्या. अव्वाला वाटत होतं, सोलापूरची महापालिका दिल्लीच्या सरकारवर आपली माया आहे असा ठराव करते आहे! आठवडाभर तिनं तेच पाठ केलं होतं, आणि तिला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. मी तोंडावर रुमाल दाबला. अप्पा विचारत होते, "काय चुकलं? काय चुकलं?" आणि मला सांगता येईना.

चाचांच्याही ध्यानात आलं. ते कपाळाला हात लावून म्हणाले, "अगे बाई, मैं भरोसे का पूछरौं, तुम मोहब्बत का बोलरे!"

हशा फुटला. तसलाच, पहिल्या वेळेसारखा, दोन्ही बाजूंनी. आता बसणार ही, मला वाटलं, बसली की संपलं. अव्वाचा हात खुर्चीच्या पाठीवर होता. ती हसणं ओसरायची वाट बघत राहिली. मग ती स्वतःच हसली, आमच्या पडवीतलं ते मोठ्ठं हसणं, आणि उखळावरून ऐकू जाणाऱ्या आवाजात म्हणाली,

"हसा की! माझी मराठी तशीच हाय. पण मला सांगा चाचा, तुमी दर शुक्करवारी माझ्या दुकानातनं चटणी नेता, वास घेऊन बघता का? न्हाय बघत. का? चाळीस पावलांवर माझं घर हाय, तुमच्या मुलीच्या बाळंतपणाला मी डिंकाचे लाडू पाठवलेत, म्हणून. मग भरोसा आधी आला का माया आधी आली? दिल्लीला म्हणावं, आमची माया हाय, पूर्ण हाय, लिहून घ्या. आता तुमची दाखवा. आणि हिकडं या, मुक्कामाला या. पाणी येतो त्या दिवशी नको, न्हाय येतो त्या दिवशी या. मी भाकरी घालते. अंघोळीचं मात्र विचारू नका!"

आधी चाचांनी टेबल वाजवलं. मग सगळ्यांनीच. 'पाणी येतो' हे कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. कुणीतरी ओरडलं, "आमचं ताईंना अनुमोदन!" ते विरोधी पक्षाचं होतं. गटनेते उठले, बसले, परत उठले. त्यांचाच ठराव, त्यांच्याच गटाची बाई, नाही म्हणता येईना. नगरसचिवांनी चष्मा काढून विचारलं, "ताई, ही उपसूचना समजायची का?" अव्वा म्हणाली, "जे काय म्हणत असाल ते समजा, पण लिहा." आणि आमच्या महासभेनं एकमतानं ठराव केला, की केंद्र सरकारवर आमचा पूर्ण विश्वास असून त्यांनीही आमच्यावर तो ठेवावा, आणि एकदा सोलापूरला मुक्कामी यावं. तो ठराव दिल्लीला पोचला का वाटेत कुठल्या कपाटात उतरला, देव जाणे. मुक्कामाला अजून तरी कुणी आलेलं नाही. पाणी मात्र आजही वार बघून येतं, आणि मी अजून त्याला 'आला' म्हणते, मुद्दाम.

बाहेर आल्यावर अप्पांनी काय करावं? भर रस्त्यात, माणसांसमोर, अव्वाची पिशवी स्वतःच्या हातात घेतली. त्या काळी आमच्यात हे म्हणजे मिठी मारण्यासारखंच होतं. ती म्हणाली, "अहो, लोकं बघायलेत." ते म्हणाले, "बघू देत की." काका घरी आधीच येऊन तोंड फुगवून बसला होता. "घोडदौड कुटं गेली वैनी? कणखर कुटं गेलं?" अव्वा म्हणाली, "तुझा घोडा वाटेत बसला रे शिवा." काकानं आधी तोंड आणखी फुगवलं आणि मग त्याला जे हसू फुटलं ते आवरेचना. त्या संध्याकाळी खपली गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळाची खीर, झाली, वर तूप, आणि वॉर्डातल्या बाया पडवीत मावेनात. तेच टोमणे मारणाऱ्या. नरसव्वानं तर सगळं भाषण परत करून दाखवलं, तेलुगू चालीवर, आणि त्यात कुत्रंही घातलं. मी अव्वाजवळ बसून होते. मी तिला शब्दाचं सांगितलं, की मराठीत विश्वास म्हणजे भरवसा, तू माया धरलीस. तिनं हुग्गीचा घास माझ्या तोंडात कोंबला आणि म्हणाली, "मग तुमच्या मराठीचंच चुकलंय की गं." मी बी.ए., पुढं एम.ए., मग जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. पण 'विश्वास' शिकवताना माया हा अर्थही सांगितल्यावाचून पुढं गेले नाही. मला त्या दिवशी इतका आनंद झाला होता की माझ्या लग्नातसुद्धा तेवढा झाला नाही. हे आमच्या घरच्यांनी वाचलं तरी हरकत नाही.

पुढची महासभा नेहमीसारखीच होती, गटारी, दिवे, कर. मी मुद्दाम जाऊन बसले. अव्वा उभी राहिली आणि आमच्या नळाच्या पाइपाबद्दल बोलायला लागली, तो, ती, ते सगळं उलटंपालटं. ते काही गटाच्या कार्यक्रमात नव्हतं. गटनेते अर्धवट उठले आणि हातानं खाली दाबल्यासारखं करत म्हणाले, "ताई, बसा, बसा आता."

अव्वानं त्यांच्याकडं बघितलं. राग नव्हता, पाहुण्याला पाट देताना जशी बोलते तशी म्हणाली, "दोन वर्षं मी बसूनच होते की, भाऊ. आता जरा तुमी बसा."

गटनेते बसले.